रक्तातले परजीवी आणि त्यांना गिळणाऱ्या पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, एवढं शाळेतच कानावर पडलेलं असतं. लढतात म्हणजे नेमकं काय करतात, असं विचारलं की मात्र उत्तर अडखळतं. बऱ्याचदा त्या चक्क समोरच्याला गिळतात. पण हा विषय शिकवताना मला दरवेळी जाणवतं ते असं, की गिळणं हा त्यातला सोपा भाग आहे. कुणाला गिळायचं हे ठरवणं खरं कठीण, आणि परजीवींची सगळी हुशारी तिथेच खर्च झालेली दिसते.

रक्तातले परजीवी म्हणजे कोण कोण?

जिवाणू आणि विषाणू या शब्दात धरत नाहीत. वैद्यकात परजीवी म्हणजे केंद्रक असलेले एकपेशीय जीव आणि जंत. रक्ताशी संबंध येणाऱ्यांची यादी आटोपशीर आहे. हिवतापाचा प्लाझ्मोडियम तांबड्या पेशीच्या पोटात राहतो. गोचिडीच्या चाव्यातून येणारा बॅबेसिया हाही तांबड्या पेशीतलाच भाडेकरू. आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराचा ट्रिपॅनोसोमा कुणाच्याही आत न शिरता रक्तद्रवात उघड्यावर पोहत असतो. काळ्या आजाराचा लीशमॅनिया गिळणाऱ्या पेशीतच घर करतो. आणि हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्रीच्या वेळी रक्तात फिरतात.

हे पत्ते लक्षात ठेवा. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं 'परजीवी राहतो कुठे' यावरच ठरतात.

गिळणाऱ्या पेशी कोणत्या?

मुख्य दोन. पहिली न्यूट्रोफिल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये साधारण निम्म्याहून अधिक याच असतात. चपळ, पण रक्तातलं आयुष्य तासांत मोजण्याइतकं. दुसरी मॅक्रोफेज. तिचं रक्तात फिरणारं रूप म्हणजे मोनोसाइट. ती ऊतीत जाऊन स्थिरावली की मॅक्रोफेज होते आणि महिनोन्‌महिने जगू शकते. यकृत, प्लीहा, फुप्फुसं अशा ठिकाणी तर जन्माआधीपासूनच मुक्काम ठोकून बसलेल्या मॅक्रोफेज असतात. यकृतातल्या अशा पेशींना कुप्फर पेशी म्हणतात.

डेंड्रायटिक पेशीही गिळतात, पण पोट भरायला नव्हे. गिळलेल्याचे तुकडे लसिकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना, म्हणजे असे तुकडे तपासून बाकीच्यांना कामाला लावणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवणं हे त्यांचं काम. इओसिनोफिलची गोष्ट वेगळी आहे, ती खाली येईल.

पेशी गिळतात हे पहिल्यांदा कुणाला कळलं?

इल्या मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाला. १८८२ साली तो सिसिलीतल्या मेसिना इथे होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती आणि हा सूक्ष्मदर्शकापाशी बसून तारामाशाच्या पारदर्शक अळीतल्या फिरत्या पेशी बघत होता. या पेशी शरीराचं रक्षण करत असतील, तर बाहेरून काही टोचल्यावर त्या तिथे गोळा व्हायला हव्यात, असं त्याच्या मनात आलं. त्याने अळीत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी बघतो तर काट्यांभोवती पेशींचा गराडा.

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला मात्र त्याचं पुढचं काम अधिक मोलाचं वाटतं. पाणपिसू नावाच्या चिमुकल्या जीवाच्या शरीरात एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू शिरतात आणि त्याच्या पेशी ते गिळून विरघळवतात, हे त्याने टप्प्याटप्प्याने पाहिलं. काटा काही कुणाचा रोग नसतो. हा बीजाणू मात्र खराखुरा परजीवी होता. पेशींनी तो संपवला तर पाणपिसू जगायची, नाही तर मरायची. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं. एर्लिख रक्तद्रवातल्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे परक्याला नेमकं चिकटणाऱ्या प्रथिनांच्या, बाजूचे, मेचनिकॉव्ह पेशींच्या बाजूचा, आणि दोन्ही गटांत तेव्हा चांगलीच जुंपलेली होती. दोघंही बरोबर होते, हे पुढच्या उत्तरात दिसेल.

पेशीला ना डोळे ना नाक. मग ती ओळखते कशी?

स्पर्शाने. पेशीच्या पृष्ठभागावर हजारो प्रथिनं असतात, त्यांना ग्राही म्हणतात. एकेका ग्राहीत एकेक विशिष्ट आकाराचा रेणू बसतो, कुलपात किल्ली बसावी तसा. रेणू बसला की पेशीच्या आत निरोप जातो. ओळखण्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट जन्मजात. परजीवींच्या अंगावर काही रेणू असे असतात जे आपल्या शरीरात नसतात, किंवा असले तरी त्या रूपात नसतात. अनेक एकपेशीय परजीवी आपली बाहेरची प्रथिनं पटलात, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात, रोवायला साखर आणि मेद यांचा एक खुंटा वापरतात. आपणही तसा खुंटा वापरतो, पण परजीवीच्या खुंट्याची घडण निराळी, आणि टोल-सदृश ग्राहींना तो फरक कळतो. या ग्राहींच्या कामासाठी ब्रूस बॉइटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला; त्याच वर्षी डेंड्रायटिक पेशींसाठी राल्फ स्टाइनमन यांनाही.

दुसरी वाट म्हणजे खूण लावणं. रक्तद्रवातली प्रतिपिंडं परजीवीला चिकटतात आणि त्यांची शेपटी बाहेर राहते. मॅक्रोफेजच्या अंगावर ती शेपटी धरणारे ग्राही असतात. तसंच 'कॉम्प्लिमेंट' नावाचा प्रथिनांचा एक संच आहे; त्यातलं सी३बी हे प्रथिन परक्या पृष्ठभागावर रासायनिक बंधाने पक्कं चिकटतं. त्यालाही धरणारे ग्राही आहेत. खूण लावण्याच्या या क्रियेला ऑप्सोनायझेशन म्हणतात. आल्मरॉथ राइट यांनी १९०३ मध्ये 'ऑप्सोनिन' हा शब्द ग्रीकमधून घडवला. त्यामागचा अर्थ खाण्याची तयारी करणं. नाव अगदी चपखल आहे. रक्तद्रव ताट वाढतो, पेशी जेवते. म्हणूनच एर्लिख आणि मेचनिकॉव्ह दोघंही बरोबर.

तिसरी वाट अप्रत्यक्ष, आणि हिवतापात हीच फार महत्त्वाची. परजीवी दिसत नाही, पण त्याने बिघडवलेली आपली पेशी दिसते.

आपल्याच पेशी मग का खाल्ल्या जात नाहीत?

रोज खाल्ल्या जातात! तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि म्हातारी झाली की मॅक्रोफेज तिला गिळते. हा वेग सेकंदाला वीस लाखांहून जास्त पेशी इतका आहे. निरोगी तांबड्या पेशीच्या अंगावर सीडी४७ नावाचं प्रथिन असतं, ते मॅक्रोफेजला 'मला खाऊ नकोस' असं सांगतं. म्हातारपणी असे निरोप क्षीण होतात. शिवाय पेशीच्या पटलात आतल्या बाजूला असायला हवा असा फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद बाहेर येतो, आणि तो 'आता खा' असा निरोप ठरतो. म्हणजे मॅक्रोफेज दोन्ही बाजू ऐकून निर्णय घेते.

प्रत्यक्ष गिळण्याची क्रिया कशी होते?

ग्राही परजीवीला धरतात. पेशीच्या पटलाखाली ॲक्टिन या प्रथिनाचे धागे भराभर विणले जातात आणि पटल त्या कणाच्या कडेकडेने वर चढतं. प्रत्येक पुढच्या टप्प्यावर नवे ग्राही नव्या खुणा धरतात, चेन ओढत न्यावी तसं. खुणा एकाच बाजूला असतील तर पटल अर्ध्यावर थांबतं आणि गिळणं पूर्ण होत नाही. दोन्ही कडा मिळाल्या की कण एका पिशवीत बंद होऊन आत येतो. हे सगळं काही मिनिटांत उरकतं.

आणि पिशवीत गेल्यावर?

पिशवीशी लायसोसोम जोडले जातात. या पेशीतल्या छोट्या पिशव्या; त्यांत पचवणारी विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, असतात. आतली आम्लता वाढून सामू ५ च्या खाली येतो. एक विकर ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. उत्तेजित मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइडही बनवू शकते. आम्ल, विकरं, ऑक्सिजनचे दाहक रेणू, हे सगळं एकाच वेळी. बहुतेकांचा निकाल तिथेच लागतो.

हे सगळं वाहत्या रक्तात घडतं का?

थोडंफार. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये तांबड्या पेशी ४५-५० लाख आणि पांढऱ्या ४ ते ११ हजार. त्यात प्रवाहाचा वेग. कुणी कुणाला गाठायचं? रक्त हा रस्ता आहे, आणि तपासणीनाके यकृतात आणि प्लीहेत आहेत. तिथे प्रवाह मंदावतो आणि मॅक्रोफेज वाटेतच बसलेल्या असतात. पांढऱ्या पेशी रक्तातून गस्त घालत फिरतात आणि दिसेल त्याला पकडतात हे चित्र माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज पसरवतं.

हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत दडलेला असतो. तो सापडतो कसा?

दडण्याची जागा त्याने विचार करून निवडावी इतकी चांगली आहे. बहुतेक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवतात आणि टी-पेशी ते तपासतात. तांबड्या पेशीला केंद्रक नाही आणि ती मांडणीही नाही. आत काय शिजतंय हे बाहेर कळत नाही.

पण परजीवी वाढतो तशी पेशी ताठ होत जाते. इथे प्लीहा कामाला येते. तिच्या लाल गरात रक्ताला अशा फटींतून जावं लागतं ज्या जेमतेम एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतात, आणि तांबड्या पेशीचा व्यास ७-८ मायक्रॉन. लवचिक पेशी अंग चोरून निसटते. ताठ पेशी अडकते आणि शेजारची मॅक्रोफेज तिला गिळते. म्हणजे इथे रेणूंची ओळखपरेड नंतर, आधी अंगाच्या लवचिकतेची परीक्षा. कधी कधी त्याहून नाजूक कारागिरी होते : पेशी फटीतून पुढे सरकते, आतला मेलेला परजीवी मागे अडकून उपटला जातो, आणि तांबडी पेशी रिकामी होऊन रक्तात परतते. फळातली बी काढून फळ शाबूत ठेवावं तसं.

प्लाझ्मोडियमच्या फॅल्सिपेरम जातीने यावर तोड काढली आहे. त्याचं रक्तातलं चक्र साधारण ४८ तासांचं. त्यातल्या उत्तरार्धात, म्हणजे पेशी ताठ होऊ लागते तेव्हा, तो पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उगवतो आणि त्यांवर पीएफईएमपी१ नावाचं चिकट प्रथिन लावतो. पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेकडे जाणंच टाळते. रक्ताच्या काचेवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात, म्हणूनच या जातीच्या बहुधा कोवळ्या, अंगठीसारख्या अवस्थाच दिसतात. मेंदूतल्या वाहिन्यांत हीच चिकटाचिकटी झाली तर मेंदूचा हिवताप होतो.

पण चिकटायला प्रथिन बाहेर काढलं की प्रतिपिंडांना धरायला जागा मिळते. त्यावरही उपाय आहे : या प्रथिनाची साठेक जनुकं परजीवीकडे असतात आणि एका वेळी साधारण एकच वापरात असतं. प्रतिपिंडं तयार होईपर्यंत काही परजीवींनी दुसरं काढलेलं असतं. एक गंमत अशी की मॅक्रोफेजवरचा सीडी३६ हा ग्राही याच प्रथिनाला धरतो, त्यामुळे प्रतिपिंडांशिवायही काही बाधित पेशी गिळल्या जातात.

प्रतिपिंडांचा हिवतापात खरंच उपयोग होतो याचा पुरावा काय?

१९६१ मध्ये कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांचा गॅम्बियातला प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं हिवतापाच्या प्रदेशात राहून तयार झालेल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडं वेगळी काढून त्यांनी आजारी मुलांना टोचली. मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. या क्षेत्रात इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

ट्रिपॅनोसोमा तर उघड्यावर पोहतो. त्याला पकडणं सोपं नाही का?

सोपं असायला हवं होतं. पण त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाचा दाट कोट असतो, सुमारे एक कोटी प्रतींचा. प्रतिपिंडांना फक्त कोटच दिसतो. त्या कोटाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली की बहुतेक ट्रिपॅनोसोमांना ती चिकटतात आणि यकृतातल्या कुप्फर पेशी त्यांना गिळून टाकतात. रुग्णाला बरं वाटू लागतं. तोवर थोड्यांनी कोट बदललेला असतो. कोटांच्या जनुकांचा आणि अर्धवट जनुकांचा साठा दोन हजारांच्या घरात आहे. मग नवी लाट. लाटेमागून लाट, असं हे महिनोन्‌महिने चालतं.

त्याची दुसरी युक्ती मला जास्त आवडते. प्रतिपिंडं थोडी असतील तर तो ती धुऊन काढतो. तो सतत पुढे पोहत असतो. पाण्याच्या रेट्याने कोटावर चिकटलेली प्रतिपिंडं मागे मागे सरकत जातात, आणि मागच्या टोकाशी असलेल्या खळग्यात तो ती आत ओढून पचवतो. खूण लावणाऱ्याचीच खूण खाऊन टाकायची!

लीशमॅनियाला गिळलं तर प्रश्न मिटतो ना?

उलट तिथून सुरू होतो. त्याला गिळलं जायचंच असतं. वाळूमाशीच्या चाव्यातून आत आल्यावर कॉम्प्लिमेंटचं सी३बी त्याला चिकटतं. लीशमॅनियाच्या अंगावरचं एक विकर त्या सी३बीला कापून असं रूप देतं की मॅक्रोफेज त्याला एका सौम्य ग्राहीमार्फत आत घेते. दाहक रेणूंचा भडका फारसा उडत नाही. आत शिरल्यावर तो पिशवी पिकण्याची क्रिया लांबवतो, तेवढ्या वेळात शेपटी टाकून गोलसर रूप घेतो, आणि मग त्याच आम्लात वाढत राहतो. १९०३ मध्ये विल्यम लीशमन आणि चार्ल्स डोनोव्हन यांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेले बारीक ठिपके म्हणजे हेच रूप. काळ्या आजारात प्लीहा फुगते, कारण ती अशा भरलेल्या मॅक्रोफेजनी गच्च होते.

यावर उतारा आहे, पण तो मॅक्रोफेजच्या एकटीच्या हातात नाही. टी-पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा सोडला की तिला जोर येतो आणि ती आतल्या परजीवीला मारू शकते. तो निरोप पुरेसा मिळाला नाही तर आजार बळावतो.

जंताचं पिल्लू पेशीपेक्षा मोठं असेल तर?

मायक्रोफायलेरिया २५०-३०० मायक्रॉन लांब, न्यूट्रोफिल १२-१५ मायक्रॉन. गिळण्याचा प्रश्नच येत नाही. इथे इओसिनोफिल येतात. प्रतिपिंडांच्या शेपट्या धरून त्या जंताच्या अंगाला लगडतात आणि आपल्या कणांतली विषारी प्रथिनं त्याच्या कातडीवर ओततात. गिळता येत नाही म्हणून बाहेरच पचवायचं, असा प्रकार. न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचं चिकट जाळं बाहेर टाकतात, हेही २००४ मध्ये उजेडात आलं. जंतांभोवती अशी जाळी आढळली आहेत.

कधी ही मोहीम अति होते. काही लोकांत मायक्रोफायलेरिया फुप्फुसांतच अडवून मारले जातात. रक्तात एकही सापडत नाही, पण इओसिनोफिल प्रचंड वाढतात आणि रात्री खोकला, धाप यांनी माणूस हैराण होतो.

मॅक्रोफेजना परजीवी खाऊन काही त्रास होतो का?

होतो. हिवतापाचा परजीवी हिमोग्लोबिन खातो आणि उरलेल्या लोहयुक्त हीमचे काळपट स्फटिक करून ठेवतो. त्यांना हीमोझॉइन म्हणतात. मॅक्रोफेज परजीवी पचवते, स्फटिक मात्र पचत नाहीत. ते तसेच साठतात आणि पेशीची पुढे गिळण्याची ताकद मंदावते. रक्ताच्या काचेवर काळे ठिपके असलेल्या पांढऱ्या पेशी बऱ्याच दिसल्या तर आजार गंभीर असल्याचा तो एक इशारा समजतात. १८८० मध्ये अल्जीरियात आल्फोन्स लाव्हरां हा फ्रेंच लष्करी डॉक्टर हाच काळा रंग शोधत होता, आणि त्या शोधात त्याला जिवंत परजीवी सापडला.

हिवतापात थंडी वाजून ताप येतो तो परजीवीमुळे की या पेशींमुळे?

ताप चढवतात आपल्याच पेशी. परजीवी भरलेल्या तांबड्या पेशी एकाच वेळी फुटल्या की परजीवीचे तुकडे रक्तात येतात, मॅक्रोफेज ते ओळखतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ असे निरोप सोडतात. मेंदूतलं तापमानाचं केंद्र त्यांवरून वर सरकतं.

'प्रतिकारशक्ती वाढवणारी' औषधं घेतली तर या पेशी जास्त खातील का?

तशी आशा ठेवू नका. अडचण भुकेची नाही, ओळखण्याची आहे. हिवताप किंवा काळा आजार झाला असेल तर परजीवीवर चालणारं औषध लागतं, आणि तेही वेळेत.

रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेले आले. म्हणजे जंतच का?

नाही. ॲलर्जी, दमा, काही औषधं यांनीही ते वाढतात. शिवाय हिवतापात ते सहसा वाढत नाहीत, त्यामुळे ते ठीक असले म्हणून रक्तात परजीवी नाही असंही म्हणता येत नाही.

अपघातात प्लीहा काढावी लागली असेल तर?

यकृत बराचसा भार उचलतं, पण फटींची ती चाळण दुसरीकडे कुठेच नाही. अशा माणसाला हिवताप किंवा बॅबेसिया झाला तर तो अधिक गंभीर होऊ शकतो, म्हणून ताप आल्यावर थांबू नये आणि प्लीहा नसल्याचं डॉक्टरांना आधी सांगावं. याला आणखी एक कारण आहे. उपचार लागू पडून परजीवी मेले तरी ते उपटून काढणारं कुणी नसतं, त्यामुळे ते तांबड्या पेशींत तसेच राहतात आणि काचेवर बरेच दिवस दिसत राहतात. काच बघणाऱ्याला हे माहीत नसेल, तर औषध चाललंच नाही असं त्याला वाटू शकतं.